अपकेंद्रकांची रहस्यकथा आणि न लिहिलेले प्रकरण

इराणमधील नतान्झ येथे युरेनियमचे समृद्धीकरण चालत असे. जानेवारी २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना तेथे अपकेंद्रके नेहमीपेक्षा फार मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे दिसले. कारण मात्र कळेना. किम झेटर या अमेरिकी पत्रकर्तीचे 'काउंटडाऊन टू झीरो डे' (२०१४) हे पुस्तक येथून सुरू होते आणि 'स्टक्सनेट' या संगणकीय किड्याचा माग काढत जाते. औद्योगिक यंत्रणांवरील अशा हल्ल्यांविषयी सामान्य वाचकासाठी लिहिलेले यापेक्षा चांगले पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. तरीही आमची त्याविषयी एक तक्रार आहे, आणि ती किरकोळ नाही.

आधी गुणांविषयी. जून २०१० मध्ये बेलारूसमधील एका छोट्या कंपनीला हा किडा सापडला. विंडोज प्रणालीतील, तिच्या निर्मात्यालाही ठाऊक नसलेले चार दोष त्याने वापरले होते. 'झीरो डे' म्हणतात ते हेच. तैवानमधील दोन कंपन्यांची चोरलेली प्रमाणपत्रे दाखवून तो आपण सज्जन असल्याचे भासवत होता. हे कोडे सिमँटेकच्या तज्ज्ञांनी आणि जर्मनीच्या राल्फ लांगनर यांनी कसे उकलले, त्यात ते कुठे अडले, कोणते तर्क टाकून द्यावे लागले, हे झेटर यांनी सविस्तर सांगितले आहे. विज्ञानाची पद्धत शिकवताना नेहमी न्यूटन-गॅलिलिओंकडे जावे लागते. येथे आपल्या काळातील एक नमुना हाती येतो.

यातील भौतिकी तर दहावीनंतरच्या कोणत्याही वर्गात घेता येईल. अपकेंद्रकाचा दंडगोल सेकंदाला १०६४ फेरे घेई. त्याचा व्यास सुमारे १० सेंटिमीटर धरला तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३३४ मीटर येतो, म्हणजे जवळपास ध्वनीइतका. कडेवरील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सव्वादोन लाख पटींहून अधिक भरते. किड्याने मोटारींना वीज देणाऱ्या वारंवारता-परिवर्तकांना हुकूम दिला: पंधरा मिनिटे १४१० फेरे. वेग एकतृतीयांशाने वाढला; पण ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो पावणेदोन पट झाला. ॲल्युमिनिअमच्या दंडगोलाला हे जेमतेम सोसणारे. मग सुमारे २७ दिवस शांतता, आणि त्यानंतर पन्नास मिनिटे वेग थेट सेकंदाला २ फेऱ्यांपर्यंत खाली. असे खाली-वर करताना दंडगोलाला आपल्या नैसर्गिक कंपनांच्या वारंवारता ओलांडाव्या लागतात आणि तो थरथरू लागतो. झेटर हे गणित करून दाखवत नाहीत. शिक्षकांनी फळ्यावर अवश्य करावे.

याहून चलाख भाग किड्याच्या आधीच्या आवृत्तीत होता. ती झडपा बंद करून यंत्रातील वायूचा दाब वाढवी. त्यापूर्वी ती मापकांची २१ सेकंदांची मोजमापे नोंदवून ठेवी आणि हल्ला चालू असता तीच पुन्हापुन्हा पुढे पाठवी. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला सारे आलबेल दिसे.

आता तक्रार. कारखान्यातील पंप, झडपा, मोटारी ज्या छोट्या, दणकट संगणकाच्या हुकमात असतात त्याला पीएलसी म्हणतात. मापकांचे आकडे वाचायचे, आज्ञावलीशी ताडायचे, हुकूम सोडायचा, की पुन्हा आकडे वाचायचे, एवढेच तो सेकंदात कित्येक वेळा करत राहतो. हुकूम कुणी दिला हे मात्र तो विचारत नाही. अशा यंत्रांमधील संभाषणासाठी १९७९ साली निघालेली आणि आजही सर्रास वापरली जाणारी 'मॉडबस' ही पद्धत पाहा: समोरच्याची ओळख पटवण्याची सोयच तिच्या मूळ रचनेत नाही. तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला आपलाच माणूस असे. नंतर तीच तार कचेरीच्या संगणकांना, आणि तेथून जगाला, जोडली गेली. खरा रोग हा आहे. झेटर यांनी एका प्रकरणात त्याची लक्षणे उत्तम मांडली आहेत. पण उपचार सुटे सुटे येतात, आणि पुस्तक हेरगिरी व धोरणांच्या वाटेने निघून जाते.

याचा परिणाम असा की, वाचकाच्या मनात महासत्तांचे अस्त्र तेवढे ठसते. चार गुप्त दोष, चोरलेली प्रमाणपत्रे, हेरखाती हे सारे वाचून नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्राचा अभियंता म्हणेल, आपल्यामागे कोण लागणार? त्याचे उत्तर याच पुस्तकात आहे. २००० साली ऑस्ट्रेलियातील मारूची येथे, सांडपाणी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने मोटारीत संगणक आणि रेडिओसंच ठेवून पंपांना हुकूम दिले आणि सुमारे आठ लाख लिटर मैला ओढ्यांत व बागांत सोडला. त्याला कोणताही गुप्त दोष लागला नाही. आमच्या मते पुस्तकाचा मध्यबिंदू ही घटना असायला हवी होती.

न लिहिलेल्या प्रकरणात काय असावे? स्वयंपाकघरात पाहा. कुकरची शिट्टी अडकली तर सुरक्षा झडप वितळून वाफ सोडते. ती कुणाला विचारत नाही आणि तिला कुणी दुरून पढवू शकत नाही. कारखान्यातही शेवटचा बचाव असाच, जाळ्याबाहेरचा हवा. नतान्झमध्ये एखादा स्वतंत्र, कशालाही न जोडलेला वेगमापक असता आणि त्याकडे कुणी पाहत असते तर पडद्यावरचे खोटे उघडे पडले असते. कचेरीचे जाळे व यंत्रांचे जाळे वेगळे ठेवणे, त्यांमधील वाहतूक मोजकी आणि नोंदलेली असणे, हे त्यानंतरचे. 'आमची यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नाही' या उत्तरावर विसंबू नये. नतान्झची यंत्रणाही जोडलेली नव्हती, आणि किडा पेन ड्राइव्हवरूनही पसरू शकत असे.

पुस्तक निघाल्यानंतरच्या घटनांचा दोष अर्थातच लेखिकेला देता येणार नाही, पण आज वाचणाऱ्याने त्या जोडून घ्याव्यात. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला होऊन सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परतली, कारण तेथील तंत्रज्ञ उपकेंद्रांवर जाऊन हाताने खटके बसवू शकत होते. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात तर थेट सुरक्षा नियंत्रकावरच हल्ला झाला. त्या नियंत्रकाला एक साधी किल्ली असते. ती 'आज्ञावली बदला' या खुणेवर राहून गेली होती.

आपल्याकडे अशा घटनांची चर्चा चटकन राजकारणात शिरते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने संगणकीय घातपाताची शक्यता सांगितली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचे म्हटले. कोण बरोबर या वादात, कोणत्या यंत्राला कोणता हुकूम कधी गेला याच्या नोंदी मागणारे आवाज फारसे ऐकू आले नाहीत.

इंग्रजीतले हे पुस्तक जाड आहे आणि लांबलचक तळटिपांनी भरलेले आहे. पहिल्या वाचनात त्या सोडाव्यात. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी किड्याची उकल आणि औद्योगिक नियंत्रणावरचे प्रकरण एवढे तरी वाचावे. आयटीआय वा तंत्रनिकेतनाकडे जाणाऱ्या मुलांना दुसरे आधी द्यावे.