बदकाला कोण विचारतं?

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात स्टटगार्ट नावाचं एक लहानसं शहर आहे. भोवती भातशेती, पाण्याने भरलेली रानं आणि हिवाळ्यात उत्तरेकडून उतरणारी मॅलार्ड बदकं. इथे १९३६ साली मुख्य रस्त्यावर बदकाचा आवाज काढण्याची स्पर्धा झाली. बक्षीस होतं ६ डॉलर ६० सेंटचा शिकारी कोट. आज त्याच स्पर्धेला जागतिक अजिंक्यपद म्हणतात. राज्य किंवा विभाग पातळीवर जिंकल्याशिवाय तिथे उभंही राहता येत नाही.

मी शिकारी नाही, व्हायचंही नाही. पण गेले काही महिने हेडफोन लावून या स्पर्धेची रेकॉर्डिंग ऐकते आहे. पहिल्या दिवशी हसू आलं. आठवड्याभराने कोणाचा श्वास कुठे तुटतो ते कळायला लागलं. आता मत तयार झालंय, ते असं: संगीत म्हणून हा प्रकार विलक्षण आहे, नक्कल म्हणून तो बदकापासून लांब गेलाय, आणि या दोन्हींच्या मध्ये अडकल्यामुळे त्याची वाढ खुंटली आहे.

आधी वाद्य समजून घेऊ. कॉल म्हणजे लाकडाची किंवा ॲक्रिलिकची वीतभरसुद्धा नसलेली नळी. आत एक पातळ पत्ती. फुंकर गालातून मारली तर नुसती पिपाणी वाजते. हवा पोटातून, घशात घुरघुर घेऊन यावी लागते. एका पत्तीचा कॉल अवघड, पण त्याचा पल्ला मोठा. दोन पत्त्यांचा सोपा आणि आपोआप खरखरीत. आपल्याला माहीत असलेलं 'क्वॅक' फक्त मादी करते, नराचा आवाज दबका आणि घोगरा असतो. म्हणजे मंचावरचे ते दाढीवाले पुरुष सगळे मादीचा आवाज काढत असतात. १९५५ आणि १९५६ ही दोन वर्षं मात्र स्टटगार्टच्याच पॅट पीकॉक या बाईंनी गाजवली.

स्पर्धकाला ९० सेकंद मिळतात. त्यात चार आवाज: दूरच्या थव्याला घातलेली हाक, एकट्या मादीची साद, चरतानाचा गलका, आणि निघून चाललेल्यांना 'परत या' म्हणणारी विनवणी. परीक्षकांना स्पर्धक दिसत नाही, फक्त ऐकू येतो. हे मला फार आवडतं. आपल्या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांनी यातून काही शिकावं.

पण ऐकायला काय मिळतं? हाक वरच्या टिपेला सुरू होते, लांब, धारदार, मग एकेक स्वर खाली उतरत, जलद होत, गलक्यात विरघळते. तान म्हणून दाद द्यावी अशीच. पण तळ्यावरची मादी ऐकली तर ती चार-सहा वेळा ओरडते, आवाज मध्येच फाटतो, आणि ती गप्प बसते. स्पर्धेत फाटलेला स्वर ही चूक धरली जाते. त्यामुळे सगळेच तो टाळतात, आणि दहा स्पर्धक ऐकले की एकच माणूस दहा वेळा वाजवतोय असं वाटतं. शिकाऱ्यांनाही हे कळतं. म्हणून तर शिकारीत चालेल तसाच आवाज मागणाऱ्या वेगळ्या स्पर्धा त्यांनी सुरू केल्या.

१९३६ मध्येच मॉस्कोत प्रोकोफिएव्हचं 'पीटर अँड द वुल्फ' पहिल्यांदा वाजलं. त्यातलं बदक ओबोवर आहे, म्हणजे तिथेही फुंकरीने थरथरणारी पत्तीच. पण तो ओबो एकदाही 'क्वॅक' करायला जात नाही. एक संथ, जराशी उदास चाल येते आणि फताड्या पायांनी चालणारं बदक डोळ्यांसमोर उभं राहतं. लांडगा त्याला अख्खं गिळतो, आणि शेवटी त्याच्या पोटातून तीच चाल ऐकू येते. प्रोकोफिएव्हला माहीत होतं की आपला श्रोता माणूस आहे. स्टटगार्टच्या मंचाचा श्रोताही माणूसच आहे, पण तो मंच अजून बदकाच्या नावाने बोलतो. त्यामुळे चार आवाज सोडून नवं काही रचता येत नाही आणि खऱ्या बदकासारखं बेसूरही होता येत नाही.

बदक स्वतः श्रोता असतं ते पाणथळीत. १९३५ पर्यंत शिकारी पाळीव बदकं आमिष म्हणून पाण्यात बांधत आणि तीच रानातल्या थव्याला हाका मारत. त्या वर्षी अमेरिकी सरकारने यावर बंदी घातली. उरली लाकडी बदकं, आणि ती मुकी. आता माणसालाच त्यांचा आवाज व्हावं लागलं. ते नीट जमावं म्हणून जाणते लोक जे सांगतात, त्यात फुंकण्यापेक्षा बघणं जास्त आहे. थवा पाठ फिरवून चालला किंवा आडवा गेला तर हाक घाला. तोंड तुमच्याकडे असेल तर गप्प राहा. नवशिक्याचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे फार वाजवणं. सुधारायचं असेल तर आधी खरी बदकं ऐका, मग स्वतःला रेकॉर्ड करून ऐका. आमच्या गाण्याच्या शिक्षिकाही हेच सांगायच्या.

त्या ९० सेकंदांत ही शांतता कुठेच नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. स्पर्धकाला एकदा तरी थांबायची सक्ती करा. थांबल्यावर पुढचा स्वर कुठून उचलतो, यावरून तो बदक ऐकून आलाय की मागच्या वर्षीचा विजेता, हे लगेच कळेल.

आता जे टाळता येत नाही ते. पाणथळीतली दाद म्हणजे पंख ताठ करून, पाय पुढे काढून उतरणारं बदक, आणि त्यानंतर बंदुकीचा आवाज. ज्या श्रोत्याने सगळ्यात विश्वासाने ऐकलं, तोच मरतो. इतक्या बारकाईने एखाद्या जिवाला ऐकायचं आणि ते ऐकणं त्याच्याविरुद्ध वापरायचं, हे मला पचत नाही. मंचावरच्या कलेवर मी एवढी टीका केली, पण तिथे निदान कोणी मरत नाही. तिचं हे मोठेपण मानायलाच हवं.

आपल्याकडे बदकांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे, म्हणून आपण सुटलो असं समजू नका. बंदूक नाही, पण फोन आहे. ॲपवर पक्ष्याचा आवाज लावायचा, तो आपल्या हद्दीत कोण घुसलंय ते बघायला झुडपातून बाहेर आला की फोटो काढायचा, आणि अजून चांगल्या फोटोसाठी पुन्हा वाजवायचा. यात पोटातून हवा आणायला लागत नाही, वर्षानुवर्षं तळ्याकाठी बसायला लागत नाही. स्टटगार्टच्या माणसाने निदान तेवढं मोल दिलेलं असतं. आपण फक्त प्लेचं बटण दाबतो, आणि पक्षी चरणं सोडून, घरटं सोडून, नसलेल्या शत्रूशी भांडत राहतो. थांबायचं कधी, हे त्या ॲपमध्ये लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच कळायला हवं.