‘हेन्रिकस रेक्स’ : नाण्यावरील नाव आणि संग्राहकांची माहिती

हातोडीने पाडलेल्या जुन्या इंग्रजी रौप्य नाण्यांच्या संग्राहकांत काही चमत्कारिक माहिती वर्षानुवर्षे फिरत असते. ‘सिंहहृदयी रिचर्डने इंग्लंडमध्ये स्वतःच्या नावाचे एकही नाणे पाडले नाही’, ही तींपैकी सर्वांत लोकप्रिय. माहिती खरी आहे. आमचा आक्षेप आहे तो ती सांगून तेथेच थांबण्यावर.

दुसऱ्या हेन्रीने ११८० मध्ये आखूड क्रुसाची पेनी सुरू केली. वजन सुमारे दीड ग्रॅम. दर्शनी बाजूस मुकुटधारी मुख व ‘हेन्रिकस रेक्स’ ही अक्षरे. मागे दुहेरी रेषांचा आखूड क्रूस आणि नाणे पाडणाऱ्याचे व गावाचे नाव. हेन्री ११८९ मध्ये वारला. रिचर्ड आणि जॉन हे त्याचे पुत्र क्रमाने गादीवर आले, पण नाण्यावरचा हेन्री हलला नाही. १२१६ मध्ये जॉनचा पुत्र तिसरा हेन्री राजा झाला तेव्हा नाव आणि राजा यांची पुन्हा गाठ पडली, तीही केवळ योगायोगाने. आणि १२४७ पर्यंत हेच नाणे चालले. केवळ मुद्रालेखावर विसंबणाऱ्या अभ्यासकास मधले दोन राजे गाळावे लागतील! बरे, हाच रिचर्ड फ्रान्समधील आपल्या मुलखात आणि जॉन आयर्लंडमध्ये स्वनामांकित नाणी पाडीत होता. तेव्हा अनवधान हे कारण पुरत नाही. लोकांचा विश्वास बसलेल्या नाण्यास हात लावू नये, हा व्यवहारी विचारच अधिक संभवनीय वाटतो. मराठ्यांच्या टांकसाळींतून शाह आलमच्या नावाने निघालेले रुपये येथे वाचकास आठवतील. परंतु तेथे एका अधिसत्तेची औपचारिक मान्यता होती, येथे मृत पित्याचे नाव आहे. हे साम्य फार ताणू नये.

मग सदुसष्ट वर्षांची एकनावी नाणी वेगळी केली कशी? खरी रसाळ कथा येथे आहे, आणि ती संग्राहक क्वचितच सांगतात. १८६४ मध्ये लँकेशरमधील एकल्स येथे सहा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. पुढच्याच वर्षी जॉन एव्हन्सने या पेन्यांचे पाच वर्ग मांडले. १९१५ मध्ये लॉरेन्सने ते आठांवर नेले. मुकुटातील मोती, केसांच्या डाव्या-उजव्या बटा, उलटे कोरलेले ‘एस’ अक्षर अशा क्षुल्लक खुणांवर हे वर्गीकरण उभे आहे. एव्हन्स पेशाने कागदाचा कारखानदार होता, हे छांदिष्टांस हसणाऱ्या प्राध्यापकांनी ध्यानात ठेवावे. मात्र नुसत्या बटा मोजून क्रम लागत नाही. एखाद्या साठ्यात अमुक वर्ग मुळीच नसेल, तर तो पुरला गेला तेव्हा त्या वर्गाची नाणी बहुधा निघालीच नव्हती. जी झिजली आहेत ती आधीची, जी कोरी आहेत ती नंतरची, असा अदमास बांधता येतो. साठ्यातून देखणी नाणी निवडून बाकीची पांगविणारा संग्राहक ही साक्षच नष्ट करतो.

दुसरी आवडती माहिती अशी, की पेनीमागील क्रूस ती अर्धी-पाव तोडण्यासाठीच योजिला होता. अर्ध्या व पाव पेन्या अशा तोडूनच होत, हे निर्विवाद. पण क्रूस इंग्रजी नाण्यांवर त्यापूर्वी कित्येक शतके आहे, आणि पहिल्या एडवर्डने १२७९-८० मध्ये गोल फार्दिंग व अर्धी पेनी पाडल्यावर तोडण्याचे प्रयोजन सरले, तरी क्रूस पेनीवर राहिलाच. तोडणाऱ्यास तो सोयीचा पडला, इतकेच म्हणता येईल.

या तुकड्यांस संग्राहकांनी दीर्घकाळ कमी लेखिले. मुख अर्धे, नाव अपुरे. परंतु पाव पेनी ज्याच्या हातून शेतात पडली त्याच्या बाजाराविषयी ती जे सांगते, ते मखमलीवरची अखंड पेनी सांगू शकत नाही. १९९७ पासून इंग्लंडमध्ये सुट्या सापडलेल्या वस्तूंची स्थळासह नोंद करण्याची जी योजना चालू आहे, तीत असे तुकडे मोठ्या संख्येने आले आहेत.