रहस्यकादंबरीचे सहवाचन

वाचकमंडळाच्या वर्षासाठी रहस्यकादंबऱ्या निवडावयाच्या, तर गुन्हेगार कळल्यावर पुस्तकात काय उरते, हे आम्ही प्रथम पाहू. एकट्याने वाचताना उत्कंठा पुरते. दहा जणांनी मिळून बोलावयाचे, तर ती पुरत नाही.

या कसोटीवर विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) आम्हांस वर्षारंभी हवी. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने बळकावलेला हिरा आणि त्याच्या मागावर विलायतेस पोचलेले तीन ब्राह्मण, ही कथा अनेक साक्षीदार आपापल्या लेखणीने सांगतात. वृद्ध कारभारी बेटरेज ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडून शकुन पाहतो. धर्मपत्रके वाटणारी मिस क्लॅक लिहितालिहिता स्वतःचेच पितळ उघडे पाडते. (फायलींवरील शेरे वाचणारांस हा अनुभव नवा नाही.) मूळ चोरी श्रीरंगपट्टणची, सार्जंट कफचा तपास मात्र यॉर्कशायरपासून सुरू होतो! या एकाच मुद्द्यावर एक संध्याकाळ खर्ची पडावी.

बास्करव्हिलचा कुत्रा आम्ही वगळला. तो बहुतेकांच्या ओळखीचा आहे.

अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’विषयी (१९२६) आमच्या मनात किंतु होता. रहस्य एकाच्या तोंडून निसटले, की बैठक आटोपली! परंतु दुसऱ्या वाचनात तीच साधी वाक्ये निराळी बोलू लागतात, हा आमचा अनुभव. ती दोनदा वाचावी.

वर्षाअखेरीस जोसेफीन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१). रुग्णशय्येवरील इन्स्पेक्टर ग्रँट तिसऱ्या रिचर्डवरील पुतण्यांच्या खुनाच्या आरोपाची फेरतपासणी करतो. त्याने दिलेला निर्दोषत्वाचा निकाल पुष्कळ इतिहासकारांस मान्य नाही. तेव्हा त्या बैठकीस वेळ अधिक ठेवावा.