विषाणू सापडला, म्हणजे कारण सापडले काय?

तुर्भ्याच्या एका शाळेत शिक्षकांसमोर बोलून झाल्यावर एका बाईंनी वर्तमानपत्राचे कात्रण माझ्यापुढे धरले. सोरायसिसमागे विषाणूंचा हात असावा, असे त्यात म्हटले होते. त्यांच्या वर्गातील एका मुलाच्या कोपरांवर व गुडघ्यांवर सोरायसिसचे चट्टे आहेत. कात्रण वाचल्यापासून त्याला मागच्या बाकावर एकटे बसवले होते. "विषाणू म्हटला की लागण आलीच ना?" असे त्यांनी विचारले.

बाईंना दोष देता येणार नाही. रोगांचे संसर्गजन्य आणि असंसर्गजन्य असे दोन कप्पे आपणच शिकवतो. विषाणूचे नाव निघाले की रोग आपोआप पहिल्या कप्प्यात पडतो. दोष आहे तो कात्रणातील लेखाचा. विषाणू 'सापडणे', त्याने रोग 'चेतवणे' आणि रोग 'घडवणे' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखकाने त्यांची सरमिसळ केली आहे.

आधी 'सापडणे' पाहू. १९९८ साली पॅरिस व वॉर्सा येथील संशोधकांना सोरायसिसच्या बहुतेक रुग्णांच्या त्वचेत पॅपिलोमा विषाणूचा पाचवा प्रकार आढळला. पण २००० साली स्वीडनमधील संशोधकांनी निरोगी माणसांची त्वचा तपासली, तेव्हा तेथेही बहुसंख्यांमध्ये पॅपिलोमा कुळातील विषाणू निघाले. शिवाय सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि या विषाणूला तशाच पेशी मानवतात. मग विषाणूमुळे रोग झाला, की रोगामुळे विषाणूचे फावले? नुसत्या सापडण्यावरून हे ठरत नाही. लायकेन प्लेनस या दुसऱ्या त्वचारोगाचा हेपॅटायटिस सी विषाणूशी असलेला संबंध जपान व इटलीत ठळक दिसतो, इंग्लंडमध्ये दिसत नाही. भारतातील अनेक पाहण्यांतही तो आढळलेला नाही.

'चेतवणे' मात्र आपल्या दाराशी घडले आहे. चिकनगुनियाची साथ १९७३ साली बार्शीत येऊन गेली होती. पुढे तीन दशके तो रोग जवळपास दिसेनासा झाला आणि २००६ साली महाराष्ट्र-कर्नाटकात प्रचंड प्रमाणात परतला. त्या सुमाराच्या साथीत विजापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी एक नोंद केली: ज्यांना आधीपासून सोरायसिस होता, त्यांच्यापैकी काहींचा तो चिकनगुनियानंतर उसळला.

हे कसे घडते? तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात धोक्याचा भोंगा असतो, तो वायुगळती झाली की वाजतो. विषाणू दिसताच आपल्या पेशी इंटरफेरॉन सोडतात, तो शरीराचा भोंगा. २००५ सालच्या संशोधनातून दिसले, की सोरायसिसच्या चट्ट्याच्या आरंभी हाच भोंगा वाजलेला असतो. पण त्यासाठी विषाणू हवाच असे नाही. चामखिळीवर लावायचे इमिक्विमॉड हे मलम तोच भोंगा वाजवते आणि काही जणांत सोरायसिस चेतवते. इंटरफेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्यांतही हे दिसले आहे. म्हणजे गळती नसताना, किंवा ती केव्हाच थांबलेली असताना, भोंगा चालू राहतो. तो बंद का होत नाही, हा माझ्या मते खरा प्रश्न. त्याचे बरेचसे उत्तर रुग्णाच्या जनुकांत आहे. नेमका हाच भाग कात्रणात नव्हता!

'घडवणे' सिद्ध करायचे तर पुरावा किती भक्कम लागतो, हे २०२२ साली दिसले. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी तपासून एपस्टाइन-बार विषाणूची लागण आधी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस नंतर, हा क्रम दाखवला गेला. जोखीम ३२ पट वाढलेली होती. सोरायसिसबाबत या तोडीचा पुरावा कोणत्याही विषाणूविरुद्ध नाही. सोरायसिस शेजारी बसल्याने होत नाही, हे तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

जाता जाता इसबाविषयी एक सांगायला हवे, कारण तेथे विषाणूचा धोका खरा आहे. इसब असलेल्या मुलाच्या त्वचेचा बांध कच्चा असतो. दुसऱ्या कोणाच्या ओठाच्या कडेला आलेल्या फोडांतील हर्पिसचा विषाणू त्या मुलाच्या त्वचेवर झपाट्याने पसरू शकतो. ताप आणि एकसारख्या दिसणाऱ्या लहान फोडांचे पुंजके दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. असायक्लोव्हिर हे औषध त्यावर चालते. तेथे जपायचे असते ते इसबवाल्या मुलाला, इतरांपासून.