वंशावळीच्या तक्त्यात कोण बसत नाही?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फिल्डवर्कला गेलात की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तुमच्यापुढे वंशावळ ठेवेल. वर मूळ पुरुष, खाली त्याचे मुलगे, त्यांच्या खाली त्यांचे मुलगे. आपल्याला वाटतं, वा, आयता डेटा मिळाला. मलाही वाटलं होतं. मी ती वंशावळ जशीच्या तशी प्रकरणात टाकली आणि गाइडने विचारलं, "या घरात बायका नव्हत्या का?"

तो कागद कशासाठी काढला, हे आधी विचारा. बहुतेकदा उत्तर जात पडताळणी किंवा वनहक्क असं येतं. पडताळणीत अनुसूचित जमातीच्या अर्जदाराकडून ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आणि तो वडिलांच्या बाजूचा. त्यामुळे आई, आजी, मामा सगळे गळतात. आत्याचा शाळेचा जुना दाखला सापडला, की आत्या मात्र तक्त्यात परत येते! म्हणजे तक्त्यातली माणसं नात्याने नाही, कागदाने निवडली गेलेली असतात.

वनहक्काचं आणखी वेगळं. २००६ च्या कायद्यात आदिवासींना तीन पिढ्यांची अट नाही. पण त्याच गावातल्या बिगर आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा वास दाखवावा लागतो, आणि कायद्याची पिढी म्हणजे २५ वर्षं. हिशेब थेट १९३० वर जातो. घरातल्या पिढ्या काही पंचवीस-पंचवीस वर्षांनी येत नाहीत. चार पिढ्यांचा भरगच्च तक्ता साठ वर्षांतही संपू शकतो. मुलचेरा-चामोर्शीकडे पुनर्वसन झालेल्या बंगाली कुटुंबांचा तक्ता तर कितीही लांब असला, तरी १९३० ला तो या जिल्ह्यात नसतोच. नियमांनुसार वंशावळ पुरावा म्हणून चालते, पण ती जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत किंवा गावाचा जुना रहिवासी मानल्या गेलेल्या माणसापर्यंत पोचायला हवी. गावातल्या ज्येष्ठांचं लिहून घेतलेलं निवेदनही पुराव्यात धरतात. हे फार कमी जण वाचतात.

आता दोष फक्त सरकारी तक्त्याचा आहे का? आपण वर्गात शिकतो ती वंशावळ पद्धत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांची, लेख १९१० चा. आई, वडील, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द वापरून माणसाला प्रश्न विचारायचे, ही त्यांची युक्ती. युक्ती खरंच चांगली आहे, कारण काका आणि मोठा बाप यांचा गोंधळ त्यात टळतो. रिव्हर्स पुरुषांची नावं मोठ्या लिपीत आणि बायकांची साध्या लिपीत छापायचे. देवनागरीत ती सोयच नाही, बरंच झालं.

पण गोंडांच्या घरी ही पद्धत अडखळते. मामा-आत्याच्या मुलांत लग्न करण्याची रीत आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात तिला 'दूध परत करणे' अशा अर्थाचं नाव नोंदवलं आहे. असं लग्न झालं की एकच बाई तक्त्यात दोन जागी येते, सून म्हणून आणि भाची म्हणून. झाडाची जाळी होते. तुम्ही नुसते चौकोन मोजले तर कुटुंबात एक माणूस जास्त! आणि चार, पाच, सहा की सात देव, ज्यावर कोणाचं लग्न कोणाशी होईल हे ठरतं, त्याला छापील तक्त्यात रकानाच नाही.

म्हणून मी आता तक्ता शेवटी काढते. आधी नोंदपत्रक. प्रत्येक नात्याला एक ओळ: हे कोणी सांगितलं, सांगणारा त्या माणसाचा कोण, कधी सांगितलं, कागद आहे का, आणि देव किती. कोतवाल बुकाची नक्कल मिळाली तर तीही इथेच. तिथे बापाचं नाव असतं, मुलाचं अनेकदा नसतं. 'मुलगा झाला' म्हणजे नेमका कोणता, हे तुम्हीच ठरवून मोकळे होऊ नका.

एका घरात दोन भावांनी आजोबांची दोन वेगळी नावं सांगितली. एक घरात हाक मारायचं, एक शाळेत लिहिलेलं, असा माझा अंदाज. पण अंदाज. पत्रकात दोन्ही नावं दोन ओळींत आहेत आणि तक्त्यात ती रेघ मी अजून तुटकच ठेवली आहे.