परंपरेचे ताट कुणाचे?

चिखलोली हे अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधले गाव. येथे नवे रेल्वे स्थानक मंजूर झाले आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. अशा वस्तीमागोमाग पिझ्झा-बर्गरची परदेशी दुकाने येतात आणि त्यांच्यामागोमाग एक विलापही येतो: आपली खाद्यपरंपरा बुडाली! या विलापाची चिकित्सा झाली पाहिजे. कारण त्यातल्या ‘आपली’ या शब्दात आपण कुठे आहोत, हे कुणी विचारीत नाही.

ज्या परंपरेसाठी हे अश्रू आहेत, तिचा इतिहास काय सांगतो? हॉटेलात अस्पृश्याची कपबशी वेगळी असे. ती बाहेर ठेवलेली असे. त्याने ती स्वतः विसळायची आणि चहा वरून ओतून घ्यायचा. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा महाराज स्वतः तेथे चहा घेत आणि सोबतच्या सवर्णांनाही पाजत. एका कप चहासाठी राजाला आपले वजन खर्ची घालावे लागले! पुढे राज्यघटनेच्या 15व्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. 1955 साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा करावा लागला. परंपरा सर्वांची असती, तर कायद्याची गरज का पडली?

परदेशी दुकानाच्या काउंटरवर जात विचारली जात नाही. ही गोष्ट क्षुल्लक नाही. ज्याच्या आजोबाने दाराबाहेर उकिडवे बसून चहा प्याला, तो आज आत खुर्चीवर बसतो. पण म्हणून भांडवल जातिअंताचे काम करील, या भ्रमात कुणी राहू नये. तेथे जात विचारीत नसले, तरी दर विचारतो. आणि कंत्राटी कामगाराच्या दिवसाच्या मजुरीपुढे तो दर फार मोठा असतो.

शिवाय दार उघडले तरी ताट बदललेले नाही. जगभर गोमांसाच्या बर्गरवर वाढलेली मॅकडोनाल्ड्स कंपनी 1996 साली दिल्ली-मुंबईत आली ती गोमांस वगळून आणि शाकाहारी-मांसाहारी स्वयंपाक वेगळा ठेवून. महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर सरसकट बंदी आली 2015 साली. कंपनीने तो निवाडा एकोणीस वर्षे आधीच करून टाकला होता. याला ती स्थानिक अभिरुची म्हणते. ही अभिरुची कुणाची? जुन्या खानावळीचे सोवळे काउंटरच्या मागे जाऊन बसले, एवढाच याचा अर्थ.

वजडी, रक्ती, चान्या ना त्या खानावळीच्या फळ्यावर होत्या, ना या दुकानाच्या झगमगत्या पाटीवर आहेत. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आले, तेव्हा मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ पुस्तकात आले. असे काम प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हवे. चिखलोलीसारख्या वाढत्या वस्तीत वडा की पिझ्झा, हा वाद ज्यांचा आहे त्यांनी घालावा. आपण विचारायचे ते हे: येथे भांडी कोण घासतो, गल्ल्याच्या मागे मालक म्हणून कोण बसतो, आणि आपल्या घरात शिजणारे अन्न उघडपणे, आपल्या नावाने, रस्त्यावर कधी विकले जाणार?