घरबसल्या परदेशी पदवी : काय पोचते, काय राहते?

वर्धा–नागपूर लोहमार्गावरचे सिंदी (रेल्वे) हे गाव वर्धा जिल्ह्याला तान्ह्या पोळ्यातील मोठमोठ्या लाकडी नंदींमुळे माहीत आहे. अलीकडे त्याचे नाव आणखी एका कारणाने कानावर येते. जवाहरलाल नेहरू बंदराने येथे 'कोरडे बंदर' योजले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत बंदर कसले, असे कोणालाही वाटेल. पण जहाज आणि धक्का ही बंदराची दिसणारी बाजू झाली. मालाची तपासणी, जकात आणि शिक्का ही कामे किनाऱ्यावरच व्हायला हवीत असे नाही. ती रुळांच्या कडेलाही होऊ शकतात. मात्र शिक्का मारण्याचा अधिकार असलेला माणूस तेथे हवा. तो नसेल तर उरते ते नुसते गोदाम.

बारावीचा निकाल लागला की शिक्षकांना विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न विचारतात, त्यांत हल्ली एकाची भर पडली आहे : 'सर, परदेशी विद्यापीठाची पदवी घरी बसून घेता येते म्हणतात. घ्यावी का?' जाहिरातीचे म्हणणे थोडक्यात असे असते. तेच प्राध्यापक, तोच अभ्यासक्रम, तीच पदवी. व्हिसा नको, विमान नको, खर्च निम्म्याहून कमी. यातले खरे किती आणि खोटे किती, हे सरसकट सांगता येत नाही. पण दाव्याची फोड करता येते.

विद्यापीठ तीन वेगवेगळी कामे करते. ते शिकवते, पारखते आणि पारखल्याची ग्वाही देते. आपण ही तिन्ही कामे एकच समजतो. इतिहास तसे सांगत नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. कोठे शिकलात, कोणाकडे शिकलात हे न विचारता परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. त्याआधी एकच वर्ष, १८५७ साली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली त्यांचा नमुनाही लंडनचाच होता. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची. म्हणजे दुरून पदवी देणे ही संगणकाने आणलेली नवलाई नव्हे. नवे एवढेच की आता शिकवणेही तारेवरून येऊ लागले आहे.

मग शिकवणे कितपत पोचते? याचे आकडे उपलब्ध आहेत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २०१२ साली विद्युत्‌मंडले आणि इलेक्ट्रॉनिकी हा आपला पाठ्यक्रम महाजालावर सर्वांना मोफत खुला केला. १,५४,७६३ जणांनी नाव नोंदवले. चौदा आठवड्यांनंतर प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना. शेकडा पाचसुद्धा नाहीत, असे म्हणून टीकाकार तेव्हा हसले. हे हसणे घाईचे होते. नोंदवलेल्यांपैकी पहिला प्रश्नसंच उघडून पाहिला तोच मुळी ६९,२२१ जणांनी, आणि त्यात निदान एक गुण मिळवला २६,३४९ जणांनी. हजेरीपटावर नाव आहे आणि मूल शाळेत आलेच नाही, याला आपण नापास म्हणत नाही. ज्यांनी पेन्सिल हातात धरली त्यांच्यापैकी चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक शेवटापर्यंत पोचले, असा हिशेब मांडला तर चित्र बदलते. एका वर्गातून एका वेळी सात हजार जण पार पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही याच पाठ्यक्रमातली एक हकीकत विचार करायला लावते. जबलपूरच्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने तो उत्तम रीतीने पूर्ण केला. पुढचा भाग उपलब्ध नव्हता, म्हणून सोबत्यांच्या मदतीने महाजालावर तो स्वतःच उभा केला. नंतर त्याला एमआयटीत प्रवेश मिळाला आणि तो तेथे शिकायला गेला. ज्याला तारेवरून सर्वांत जास्त मिळाले, त्यालाही तेथे प्रत्यक्ष जावेसे वाटले.

हा अपवाद नाही, असे दुसऱ्या एका उदाहरणावरून दिसते. जॉर्जिया टेक या अमेरिकन विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी पूर्णपणे ऑनलाइन सुरू केली. एकूण शुल्क सुमारे सात हजार डॉलर, म्हणजे वर्गातल्या शिक्षणाच्या मानाने नाममात्र. पदवीपत्रावर 'ऑनलाइन' हा शब्दही नाही. भारतीय विद्यार्थ्यांची झुंबड उडायला हवी होती. अर्थशास्त्रज्ञांनी सुरुवातीच्या वर्षांतले अर्ज तपासले तेव्हा उलटेच दिसले. वर्गात बसण्यासाठी अर्ज करणारा नमुनेदार उमेदवार चोवीस वर्षांचा, नुकताच पदवीधर झालेला भारतीय होता, तर ऑनलाइन अर्ज करणारा चौतीस वर्षांचा नोकरदार अमेरिकन. दोघांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या होत्या. अमेरिकन माणसाला नोकरी न सोडता ज्ञान हवे होते. आपल्याकडचा मुलगा मोठे कर्ज काढतो ते केवळ व्याख्यानांसाठी नव्हे. सहाध्यायी, प्रयोगशाळा, तेथे काही काळ काम करण्याची मुभा, हे सारे तो विकत घेत असतो. यातले काहीही तारेवरून येत नाही. जाहिरात 'तीच पदवी' म्हणते तेव्हा कागदापुरते ते खरे असू शकते, पण माणसे ज्यासाठी पैसे मोजतात ते त्या कागदावर नसते.

संगणकशास्त्राचे एक बरे असते. त्याची प्रयोगशाळा संगणकातच आहे. इतर विज्ञानांचे तसे नाही. एमआयटीच्या त्या पाठ्यक्रमात पडद्यावर मंडल जोडण्याची सोय होती आणि ती चांगलीही होती. पण पडद्यावरच्या मंडलात तार कधी सैल होत नाही. आपल्या शाळेत ओहमचा नियम पडताळताना तासातली पहिली दहा मिनिटे सैल जोड शोधण्यात जातात, हे प्रत्येक विज्ञानशिक्षकाला ठाऊक आहे. ती दहा मिनिटे वाया गेली असे समजणाऱ्याने प्रयोग कधी केलेला नसतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला याची जाण होती. १९७१ साली त्यांचा विज्ञानाचा पायाभूत पाठ्यक्रम सुरू झाला तेव्हा दूरचित्रवाणीवरच्या पाठांवर न थांबता विद्यार्थ्यांच्या घरी प्रयोगपेट्या पाठवल्या गेल्या आणि उन्हाळ्यात आठवडाभर सर्वांना एकत्र बोलावले गेले. आपल्याकडे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. तेथेही पुस्तकांच्या जोडीला गावोगावची अभ्यासकेंद्रे होतीच. दूरशिक्षण ज्यांनी मनापासून केले त्यांनी 'दूर' हा शब्द कमी करण्यासाठीच सारी खटपट केली.

जेथे ही खटपट शक्यच नव्हती तेथे काय झाले, ते आपण पाहिले आहे. २०२० साली करोनामुळे चीनने सीमा बंद केल्या. तेथे शिकणारे तेवीस हजारांवर भारतीय विद्यार्थी, त्यांतले बहुतेक वैद्यकाचे, घरी अडकले. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तेथला सकाळी आठचा तास म्हणजे येथे पहाटेचे साडेपाच. दोन वर्षांहून अधिक काळ ही मुले मोबाइलच्या पडद्यावर डॉक्टरकी शिकत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनमधून परतलेल्यांची त्यांत भर पडली. केवळ ऑनलाइन घेतलेले वैद्यकीय शिक्षण मान्य नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आयोगाला योजना आखायला सांगितली आणि जुलै २०२२ मध्ये ती आली. शेवटच्या वर्षाच्या मुलांना येथली चाळणी परीक्षा देता येईल, पण आंतरवासिता एकाऐवजी दोन वर्षांची करावी लागेल. मधल्या वर्षांतले कित्येक जण तेव्हा लोंबकळतच राहिले.

आयोग कठोर वागला, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. मला तसे वाटत नाही. सिंदीहून रेल्वेने थोड्याच अंतरावर सेवाग्राम आहे. तेथे १९६९ साली निघालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच खेड्यात राहायला पाठवतात. रोग्याच्या पोटावर हात ठेवून यकृत वाढले आहे की नाही हे ओळखायचे असते. तो हात पडद्यातून पलीकडे जात नाही. दोष मुलांचा नव्हता हे खरे, पण त्यामुळे उणीव भरून निघत नाही.

मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या धोरणाविषयी तक्रार करण्यास जागा आहे. २०२२ साली परदेशी विद्यापीठांशी संयुक्त पदव्यांचे नियम झाले. त्यांतून ऑनलाइन आणि दूरशिक्षण वगळले. २०२३ साली परदेशी विद्यापीठांना येथे शाखा काढण्याची मुभा मिळाली. तेथेही ऑनलाइन पदवी नाही, फार तर दहा टक्के व्याख्याने. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने बजावले की आपली मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी करार करून शिक्षण-कंपन्या ज्या पदव्या विकतात, त्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत. फसवणूक थांबवण्यासाठी ही सूचना हवीच होती. पण येथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य आहे, हेही याच आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले होते. म्हणजे आक्षेप पद्धतीला नाही, दुरून पारख कोण करतो याला आहे. तसे असेल तर परदेशी पदव्यांचाही विषयवार आणि परीक्षेच्या रीतीनुसार विचार व्हायला हवा. संगणकशास्त्र आणि शस्त्रक्रिया एकाच कुलपाने बंद करणे सोयीचे असेल, शास्त्रीय नाही.

पारख कशी करता येते याचे उदाहरण देशातच आहे. मद्रास आयआयटीने २०२० साली जाहीर केलेल्या डेटा सायन्सच्या पदवीत पाठ महाजालावर असतात, पण मुख्य परीक्षा नेमलेल्या केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते. प्रवेशासाठी जेईई नाही. चार आठवडे शिकवून मग पात्रता परीक्षा घेतात. सिंदीच्या मुलाला व्याख्यान घरी ऐकता येते आणि परीक्षेपुरती गाडी पकडावी लागते.

तेव्हा विद्यार्थी माहितीपत्रक घेऊन आला तर त्यातली विद्यापीठाच्या इमारतीची छायाचित्रे बाजूला ठेवावीत आणि त्याच्यासोबत काही गोष्टी शोधाव्यात. परीक्षा कोठे आणि कोणासमोर होते? प्रात्यक्षिके आहेत का, असल्यास कोणत्या प्रयोगशाळेत? गृहपाठ माणूस तपासतो की यंत्र? पुढे येथे एम.एस्सी.ला किंवा सरकारी नोकरीला अर्ज करायचा झाल्यास ही पदवी समकक्ष धरली जाईल, असे कोणते पत्र आहे आणि त्यावर सही कोणाची? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पदवी विकणाऱ्याकडून ऐकून चालणार नाही. ते जिथे प्रवेश किंवा नोकरी हवी आहे तेथून, आणि पहिला हप्ता भरण्यापूर्वी, लेखी मागवावे.